आकड्याले पाणी

गुरुजींचं नाव मी सांगणार नाही. अमरावतीत राजापेठेच्या अंगाला ज्यांच्या घरी कधी लग्न, मुंज, वास्तुशांत झाली असेल, त्यांना मी कोणाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल. कळलं तर त्यांनीही मनातच ठेवावं. ‘माह्या मागं माहं नाव कुठं घेऊ नको’ असं ते मला स्वतः बजावून गेलेत. काहून बजावलं, ते सांगतेच.

माझं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, वर ताडपत्री, बाजूला पाण्याची बादली. चांदूर रेल्वे गावाकडे आमचा मळा, तिथून झेंडू, शेवंती, मोगरा पहाटेच्या गाडीनं येतो. आधी सासरे बसायचे या फळीवर, आता मी बसते. गुरुजी सासऱ्यांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, म्हणून माझे केस पांढरे व्हायला लागले तरी त्यांच्या तोंडी मी ‘सूनबाई’च राहिले.

मोपेड लावून, धोतराचा सोगा सावरत ते यायचे. रामराम नाही, फुलं कशी दिली नाही, पहिला सवाल ठरलेला.

“सूनबाई, आज कुठं पेटलं?”

माझं डोकं फिरायचं. “गुरुजी, बोहनीच्या टायमाले कायले असं बोलता वो?”

“मंग कवा बोलू? पेटवणारे का तुही बोहनी होऊ देतेत अन् मंग पेटवतेत?”

त्यांच्याकडे साधा फोन होता. टीव्ही बायको गेल्यावर बिघडला, तो त्यांनी दुरुस्त केला नाही. पेपर घ्यायचे, पण म्हणायचे, पेपरात कालचं असते, मले आजचं पायजे. म्हणून मोगऱ्याच्या माळा गुंफता गुंफता मला माझ्या फोनवर बातम्या लावाव्या लागायच्या. युक्रेन झालं, गाझा झालं, सुदान झालं. कुठे जंगलं जळताहेत, कुठे गावंच्या गावं पुरात गेलीत. मध्येच एखादा पुढारी कोट घालून सांगायचा की आमी शांततेच्या बाजूचे हाओत. त्यावर गुरुजी एकच शब्द बोलायचे, “बह्याड.” म्हणजे बावळट. तो मला म्हणाले की त्याला, हे कधी कळलं नाही.

आणि मग यायचं त्यांचं खरं काम. “नाव पाय.”

गुरुजी रोज आंघोळ झाली की अंगणात उभे राहून तर्पण करायचे. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं आणि ओंजळीतून तिळाचं पाणी सोडायचं. सगळे भटजी आपल्या बापाला, आजाला सोडतात. आमचे गुरुजी ते झालं की साऱ्या जगाला सोडत बसायचे. लढाईत मेलेला, पुरात वाहून गेलेला, उन्हानं पडलेला, जो बातमीत आला तो त्यांचा. पण त्यांचा एक नियम होता. नावाशिवाय पाणी पोचत नाही. आणि बातमीवाले नावं कुठे देतात? ‘मृतांचा आकडा वाढला’ एवढंच देतात.

“आकड्याले पाणी कसं देऊ मी?” ते फळीवर हात आपटायचे. “आकडा पाणी पेते का? माणसाचं नाव पाय. खाली सरकव अजून. एकाचं तरी सापडन.”

मी बोट दुखेपर्यंत सरकवायची. कधी सापडायचं. कुठल्या पोराचा फोटो असायचा, खाली नाव, युसुफ. कोण्या म्हातारीचं नाव ओलेना. मी वाचायची अडखळत, ते दोन-तीनदा म्हणवून घ्यायचे, तोंडात नीट बसलं की खूश होऊन मोपेडला किक मारायचे. मेलेल्या माणसाचं नाव मिळालं म्हणून खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही बाप्पा.

आमच्या बाजूला वकीलसाहेब राहतात. त्यांनी एकदा गुरुजींना अडवलंच. “गुरुजी, यातले कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. त्यांले तुमी गोत्र कोणतं लावता?”

“कश्यप. ज्याचं गोत्र ठाऊक नसन त्याचं कश्यप. पोथीत लिवलेलं हाय, मी नाई लिवलं.”

“पण त्यांले चालन का हे?”

“नाई चाललं तर वर भेटतीन तवा भांडतीन माह्याशी. तुमी काहून आतापासून त्यांचं वकीलपत्र घेऊन राहिले?”

वकीलसाहेब हसले, मी हसले. गुरुजी हसले नाहीत. मी सहज विचारलं, “अन् ज्याइचं नाव भेटतच नाई, त्याइचं काय होत असन?”

ते माझ्या बादलीतल्या पाण्याकडे पाहत म्हणाले, “ते उभे असतीन. एका बाजूले. पाणी वाटून राहिले, आपलं नाव कवा येते, म्हणून कान देऊन उभे असतीन.”

यजमान लोकांना हा कारभार परवडणारा नव्हताच. कोणतीही पूजा म्हटली की आधी संकल्प, म्हणजे आपण कुठे बसलोय, कोणता दिवस आहे, कशासाठी पूजा करतोय ते देवाला सांगायचं. गुरुजी ‘गोदावर्या उत्तरे तीरे’पर्यंत सरळ यायचे आणि तिथून त्यांची गाडी जी सुटायची ती जिथे जिथे बॉम्ब पडलेत त्या सगळ्या गावांवरून फिरून यायची. इथल्या एका कोचिंग क्लासवाल्यानं नवी इमारत बांधली, पूजेचे हार माझ्याकडचे होते, म्हणून मी तिथेच होते. तो बिचारा बायकोच्या शेजारी हातात पळी धरून बसलेला, गुरुजींचं अजून सुदानमधलं खार्टूम चालू. शेवटी तो हळूच म्हणाला, “गुरुजी, ॲडमिशनचं बी बोला ना.”

“बोलतो. आधी ज्याइच्या शाळाच पडल्या त्याइचं बोलू दे.”

पुढच्या वर्षी त्यानं दुसरे गुरुजी बोलावले. असे पुष्कळ गेले. निवडणुकीला उभा राहिलेला एक जण तर अर्ध्या पूजेतून उठला. विजयासाठी होम ठेवला होता त्यानं, आणि गुरुजींनी त्याला अग्नीसमोर विचारलं की निवडून आलास तर झाडं लावशील का तोडशील, ते आताच बोल.

गुढीपाडव्याला आमच्या गल्लीच्या मंदिरात पंचांग वाचायची रीत आहे. यंदा ग्रहांमधला राजा कोण, मंत्री कोण, ढगांचा मालक कोण, पाऊसपाणी कसं, ते सगळं गुरुजी वाचून दाखवतात आणि बायाबापड्या ऐकतात. एके वर्षी त्यांनी वाचलं, ‘पर्जन्य समाधानकारक, धान्य मुबलक, राजांमध्ये सलोखा’. आणि पंचांग मिटलं.

“हे छापलेलं हाय,” ते म्हणाले. “आता मी सांगतो. मृगात धूळ उडन. दसऱ्याले पाणी पडन अन् या सूनबाईचा झेंडू सडन. सलोखा कुठंच नाई.”

एक आजी चिडल्या. “सणावारी तरी गोड बोलावं माणसानं!”

“आत्ताच कडुलिंब खाल्ला नं साऱ्याइनं? मंग कडूच ऐका.”

मी तर घरी जाऊन नावानं खडे फोडले त्यांच्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या झेंडूचं मरण कोण वाचतं? पण दसऱ्याच्या आधी पाऊस असा लागला की मळ्यात झेंडू उभ्या जागी काळा पडला. मी रिकाम्या फळीवर तोंड पाडून बसलेली, तर गुरुजी आले आणि म्हणाले, सडका असन तोच दे. मी विचारलं, सडका कायले? म्हणाले, “देवाले वाहतो. पाहू दे त्याले बी काय चाल्लंय ते.”

अकोल्याचं लग्न मात्र मी जन्मात विसरणार नाही. मे महिना. अकोल्याचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच कळेल. वारा सुटला तरी भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. माझी फुलं, मी आणि गुरुजी एकाच गाडीतून गेलो होतो. नवरदेव आला, अंतरपाट धरला, मंडपात कूलर, अक्षता वाटलेल्या. बाहेर बँडवाले तेवढे उन्हात, जाड कोट, डोक्यावर तुरे. मंगलाष्टकं झाल्याबरोबर वाजवायचं म्हणून सावध उभे. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं आणि थांबले.

“वाजवणाऱ्याइले आत घ्या.”

नवरीचा मामा म्हणाला, “गुरुजी, मुहूर्त चालला!”

“जाऊ दे. त्याइचे कोट उतरवा, पाणी पाजा. तोवर अंतरपाट धरून राहा.”

कोणी हललं नाही. गुरुजीही हलले नाहीत. हातातल्या अक्षता त्यांनी ताटात परत टाकल्या. शेवटी बँडवाले आत आले, ढोल टेकवले, कूलरपुढे बसून पाणी प्यायले. मुहूर्त टळला. नवरीच्या बापानं गुरुजींना जेवायलासुद्धा विचारलं नाही. आम्ही बसस्टँडवर केळी खाल्ली. केळं सोलता सोलता ते मला म्हणाले, “मांगच्या साली इथंच एक वाजवणारा पडला. पेपरात आलं ‘उष्माघाताचा बळी’. नाव नाई दिलं. मी दोन दिवस विचारत फिरलो, कोणालेच ठाऊक नाई.”

आता त्यांच्या पोराचं सांगते, कारण खरं सगळं तिथेच आहे.

एकुलता एक पोरगा. अमरावतीला ना समुद्र ना खाडी, पण हा पोट्टा शिकला आणि तेलाच्या मोठ्या जहाजावर इंजिनाच्या कामाला लागला. गुरुजींना आधी राग होता, मग अभिमान झाला. त्याचा फोन आला की मला सांगायचे, आता अमुक देशापाशी हाय, पाणी निळं हाय म्हणते. आणि मग त्या समुद्रातच लढाई शिरली. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. पोराचं जहाज त्याच वाटेवर, पुढे जायला परवानगी नाही, मागे फिरायला हुकूम नाही. असे किती दिवस ते तिथेच नांगर टाकून उभे होते. फोन कधी लागायचा, कधी नाही.

गुरुजी यायचे, पण ‘आज कुठं पेटलं’ विचारायचे नाहीत. म्हणायचे, “समुद्राचं पाय.” मी गाझाचं काही वाचायला लागले तर हात हलवायचे, “ते राहू दे. समुद्राचं.” संकल्पातून एकेक गाव गळून गेलं. यजमान खूश, पूजा टायमावर संपायला लागल्या. गोदावर्या उत्तरे तीरे, आणि त्यानंतर फक्त एक जहाज. त्याचं इंग्रजी नाव ते फार जपून उच्चारायचे. सकाळचं पाणीही आता बापाला आणि आजाला सोडायचे आणि घरात जायचे. नावं विचारायला थांबायचे नाहीत. मी म्हटलं, असू दे. बाप आहे. मी असते तर वेगळं काय केलं असतं?

एके दुपारी बातमी आली. तेलवाहू जहाजाला आग, भारतीय खलाशी दगावले. जहाजाचं नाव नव्हतं दिलं. मी फोन उपडा ठेवला, पण गुरुजींना कोणीतरी सांगितलं होतंच. ते आले आणि माझ्या फळीच्या कडेला बसले. मी आणि वकीलसाहेब दोघंही फोन लावत होतो, लागत नव्हता. गुरुजी फुलं बांधायच्या दोऱ्याचं रीळ हातात घेऊन नुसतं उलगडत होते. सारा दोरा पायाशी पडला. मी उचलला नाही.

दिवेलागणीला त्यांचाच फोन वाजला. पोरगाच होता. “बाबा, आमचं नाही. दुसरं जहाज आहे. आमच्याच पुढं होतं.”

गुरुजी उभे राहिले आणि ओरडले, “बरं झालं! दुसरं हाय! दुसरं जहाज हाय सूनबाई!”

काय सांगू, मी रडले, वकीलसाहेब रडले. गुरुजींनी समोरच्या दुकानातून पेढे आणले. मला दिला, वकीलसाहेबांना दिला, रस्त्यावरच्या ऑटोवाल्यांना हाताला धरून थांबवून दिला, ट्रॅफिकच्या पोलिसाच्या तोंडात घातला. “माहा पोरगा वाचला, दुसरं जहाज जळलं,” असं ज्याला त्याला सांगत होते. सगळ्यांनी खाल्ले. चांगले होते पेढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, मोपेडही बंद न करता उभे राहिले. मी म्हटलं, गुरुजी, आज तर झकास झोप लागली असन. ते म्हणाले, “मी काल काय म्हणलो, ऐकलं नं तू?”

“काय म्हणले?”

“बरं झालं म्हणलो. दुसरं जहाज जळलं, बरं झालं. अन् त्यावर पेढा वाटला.”

“गुरुजी वो, बापाचं काळीज हाय. देव समजून घेईन.”

“देवाचं सोड. जे जळाले त्याइच्या बापाले कोण समजावन? आज सकाळी तीळ घेतले हातात. त्या जहाजावरच्या पोट्ट्याइचं एकाचं बी नाव मले ठाऊक नाई. अन् खरं सांगू, काल मी विचारलं बी नाई. माहा पोरगा आकड्यात नाई ना, बस, मंग आकडा केवढा का असेना. इतकी वर्षं या बातमीवाल्याइले शिव्या घातल्या मी. मी काय वेगळा हाओ?”

मी फोन काढला. म्हटलं, थांबा, आज नावं आली असतीन, मी पाहते. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नको. माह्या हातचं पाणी ते कायले घेतीन?” आणि फुलं न घेता गेले.

त्या दिवसापासून माणूस विझला. तर्पण बंद. लोकांची पूजा सांगायचे, पण संकल्पात ना गाव ना जहाज, पोथीत आहे तेवढंच भरभर. दिवाळीत पोरगा घरी आला, धडधाकट, दाढी वाढवलेला. मला वाटलं आता सुधारतील. पोरगा दुकानावर येऊन बसायचा, म्हणायचा, काकू, बाबा माझ्याकडं पाहतच नाहीत, जेवताना ताटाकडं पाहतात. गुढीपाडव्याला मंदिरात पंचांग वाचलं त्यांनी. पर्जन्य समाधानकारक, राजांमध्ये सलोखा. सगळं जसंच्या तसं वाचलं आणि मिटून ठेवलं. त्या चिडलेल्या आजी माझ्या कानात म्हणाल्या, “याले काय झालं वो? काही बोलत काहून नाई?”

त्याच दिवशी मंदिराच्या पायरीवर मला म्हणाले, “सूनबाई, माह्या मागं माहं नाव कुठं घेऊ नको.”

“काहून वो गुरुजी? भूत होऊन येता का?”

“घेऊ नको म्हणलं नं.”

मला वाटलं, म्हातारपणाची चिडचिड. मी साखरेच्या गाठीचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि विषय बदलला.

मे महिन्यात ते एका मुंजीसाठी अकोल्याला गेले. मुंज लागली, जेवण झालं, यजमान म्हणाले ऊन उतरल्यावर जा, तर ऐकलं नाही. बसस्टँडवर आत पंख्याखाली जागा होती म्हणे. एक चहावाला दोनदा सांगायला गेला, बाबा आत बसा. ते बाहेरच्या बाकावर उन्हातच बसून राहिले. पाण्याची बाटली झोळीत भरलेली सापडली. झोळीत आधार कार्ड होतं म्हणून घरी पोराला फोन तरी आला. दुसऱ्या दिवशी पेपरात एका ओळीत होतं, अकोल्यात उष्माघाताने वृद्धाचा मृत्यू. नाव नव्हतं. मी तो पेपर फाडला आणि त्या दिवशी फुलं विकली नाहीत.

दहाव्याला आम्ही वर्धा नदीवर गेलो, कौंडण्यपूरला. बायांनी जाऊ नये म्हणतात. फुलं माझी होती, मी गेले. घाटाखाली गुडघाभर पाणी उरलेलं. पोरगा डोकं भादरून उघड्या अंगानं पाण्यात उभा, तिथले एक म्हातारे गुरुजी काठावरून सांगणारे. त्याच्या ओंजळीत तीळ घातले, पाणी घातलं.

“गोत्र?” काठावरचे म्हणाले.

“कश्यप,” पोरगा म्हणाला.

मी दचकले. आमच्या गुरुजींचं गोत्र वसिष्ठ, काठावरच्यांनाही ते माहीत होतं. “अरे, तुमचं वसिष्ठ ना?”

“कश्यपच म्हणा.”

“बरं. नाव बोल वडिलांचं.”

पोराच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळायला लागलं.

“नाव बोल बाप्पा. पाणी चाललं.”

“नाव घ्यायचं नाही,” पोरगा म्हणाला. “बाबांनी शपथ घातलीय. म्हणाले, ज्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही ते सारे एका बाजूला उभे आहेत, मी त्यांच्यात जाऊन उभा राहतो.”

“येडा हाय का तू? बिननावाचं पाणी पोचत नाई. बाप तहानलेला राहीन तुहा.”

“त्यांना माहीत होतं,” पोरगा म्हणाला.

नाव माझ्या जिभेवर होतं. एवढं साधं नाव, सासऱ्यांच्या तोंडून हजारदा ऐकलेलं. मी तोंड उघडलंही. मग पोरानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदर तोंडात कोंबला.

त्यानं पुन्हा ओंजळ भरली, गोत्र म्हटलं, नावाच्या जागी थोडा थांबला आणि पाणी सोडलं. ते नदीतच पडलं.